भोंगाकाकूचा उभा शब्द

धुकं इतकं दाट होतं की समोरचा खांब दिसत नव्हता. त्याच्यावरचा भोंगा तेवढा कुणी हवेत टांगून ठेवल्यासारखा दिसत होता. भोंगाकाकूनं इस्त्रीत निखारे भरले, दारात उभं राहून झोके देऊन ते फुलवले आणि लॉजवरून आलेल्या उशांच्या अभ्र्यांचा ढीग पुढ्यात ओढला. धुक्यानं अभ्रे दमट राहिले होते. पाणी शिंपडायचं काम वाचलं, असं ती स्वतःशीच पुटपुटली. तेवढ्यात भोंगा खरखरला आणि भोंगाकाकू बोलायला लागली.

म्हणजे आत बसलेली नव्हे. खांबावरची.

"नागरिकांनी लक्ष द्यावे. नदीकाठावर टोळी जमली आहे. टोळीपासून सावध राहावे."

खांबावरचा आवाज भरल्या अंगाच्या, तिशी-पस्तिशीतल्या बाईचा होता. स्वच्छ, थंड, एकही अक्षर न गिळणारा. आत बसलेल्या बाईची साठी केव्हाच उलटली होती, पुढचे दात गेले होते, आणि बोलताना मध्येच छातीत कफ वाजायचा. पण आवाज तिचाच होता. इस्त्री हातात तशीच राहिली. अभ्र्यावर होडीच्या आकाराचा पिवळा डाग उमटला आणि करपल्याचा वास आला, तेव्हा कुठं ती भानावर आली.

नदीकाठावर तिची लेक राहत होती.

तरुणपणी काकू एसटी स्टँडावर गाड्या पुकारायची. कुठली गाडी कुठं लागली, कुठली पंक्चर झाली, कुणाचं पोर चुकलं, कुणाची ट्रंक सापडली. पुढं नगरकचेरीनं चौकाचौकात खांब रोवले आणि तिला तिथं घेतलं. पाणी कधी येणार, कर कधी भरायचा, पूर कुठवर चढला, सगळं गाव तिच्या तोंडून ऐकायचं. तिचा नवरा जिवंत होता तेव्हा चारचौघांत सांगायचा, की आमची ही घरी बोलली की भांडण होतं आणि खांबावरून बोलली की सूचना होते. म्हणून मी जेवायला खांबाखालीच बसतो. सासूचं म्हणणं वेगळंच होतं. ती म्हणायची, घरात मिठाची गुळणी धरून बसते आणि गावाला ओरडून सांगते. दोन्ही खरं होतं. घरात तिला बोलायला फारसं लागायचंच नाही. लेकीला तर ती नुसती हाक मारायची. त्या हाकेत ये, हात धू, ताट घे, एवढं सगळं असायचं.

नोकरी संपायच्या बऱ्याच आधी कचेरीनं तिचा आवाज पेटीत भरून घेतला. पेटी म्हणजे खरं तर यंत्र, पण सगळे पेटीच म्हणायचे. ते काम बघणारा माणूस होता तारवाला. वायरींच्या भेंडोळ्यात बसलेला, गळ्यात हेडफोन, खिशात बडीशेप. त्यानं तिला सगळी तऱ्हा समजावून सांगितली. वाक्यं बोलायची नाहीत, सुटे शब्द बोलायचे. पुढं कचेरीला लागतील तसे ते शब्द जोडून वाक्य करता येईल. तुम्ही घरी झोपलात तरी तुमचा आवाज कामावर असेल. दोन शब्द चिकटू नयेत म्हणून दोहोंमध्ये फट सोडायची. त्या फटीत श्वाससुद्धा घ्यायचा नाही.

आणि प्रत्येक शब्द एक तर आडवा बोलायचा, नाही तर उभा.

तारवाला म्हणाला, काही भाषांत नावाचं पहिलं अक्षर मोठं काढतात. डोळ्याला लगेच कळतं, की हे काही साधंसुधं नाही, हे नाव आहे. आपल्या अक्षरात तसली सोय नाही आणि भोंग्याला तर अक्षरच नाही. म्हणून बाई, ते मोठं अक्षर तुम्ही आवाजानं काढायचं. शब्दाच्या आधी कणभर थांबायचं, मग पहिल्या अक्षरावर पाय रोवून उभं राहायचं. गावांची, रस्त्यांची, स्टेशनांची नावं उभी. धोक्याचे शब्दही उभे, कारण ते ऐकून माणसानं हातातलं काम टाकलं पाहिजे. आग उभी. पूर उभा. बाकी पाणी, गाडी, वेळ, नागरिक, लोक, हे सगळे आडवे. रोजच्या गोष्टीला कुणी उठून उभं राहत नाही.

काकूला ते पटलं होतं. महिनाभर ती आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या लावलेल्या खोलीत बसून शब्द बोलत राहिली, आणि घरी आल्यावर नवऱ्याला विचारायची, चहा उभा देऊ का आडवा.

आता काठावरची गोष्ट. लेकीनं होड्यांना डांबर लावणाऱ्या पोराशी लग्न केलं आणि काठावर राहायला गेली. तिथं मालाची गोदामं बांधायची ठरली तेव्हा काठावरच्या घरांना उठायच्या नोटिसा आल्या. घरं उठली नाहीत. माणसं दारापुढं चटया टाकून बसली. डांबरवाले, कोळणी, दूधवाला, एक म्हातारी दाई. स्वतःला ती सगळी काठकरी म्हणवू लागली. एका जुन्या शिडाच्या कापडावर त्यांनी डांबरानं तेवढा एकच शब्द लिहिला होता, भल्यामोठ्या अक्षरात, आणि शेवटी जागा उरली नाही म्हणून शेवटचं अक्षर जरा खाली उतरलं होतं.

पहिले काही दिवस भोंगा म्हणत होता, नदीकाठावर लोक जमले आहेत, गाड्यांनी दुसऱ्या रस्त्यानं जावं. कुणी मान वर केली नाही. मग एक दिवस लोकांच्या जागी जमाव आला. तेव्हा चौकातल्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं. आणि त्या धुक्याच्या आठवड्यात टोळी आली. उभी.

ती कणभर थांबण्याची जागा आणि मग तो शब्द. पायरीवर अंधारात पाय चुकावा तसं ऐकणाऱ्याला व्हायचं. कुठली टोळी, कोण माणसं, असं कुणी विचारलंच नाही. स्टेशनाचं नाव पुकारलं की हे कुठलं बुवा स्टेशन, असं कुणी विचारतं का? नाव आहे म्हणजे ती गोष्ट आहे. आणि आहे म्हटल्यावर ती दिसायला किती वेळ लागतो?

पहिल्यांदा ती न्हाव्याला दिसली. पहाटे दुकान उघडताना धुक्यात काही जण ओळीनं उभे होते म्हणे, हालत नव्हते. मग वखारवाल्याच्या फळ्या रचलेल्या होत्या त्या कुणी तरी सरकवून ठेवल्या. नळावरच्या बायकांना पाठीमागं पावलं ऐकू आली आणि वळून पाहिलं तर ओल्या फरशीवर पावलांचे ठसे होते, येणारे होते, जाणारे नव्हते. टोळीतल्या माणसांचे कपडे कसे होते यावर वाद व्हायचे. त्यांना चेहरे नव्हते, यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. काठावरून दूधवाला अजूनही रोज वर यायचा, त्याचं दूध घेतलं जायचं, चहा व्हायचा, आणि तो चहा पीत माणसं टोळीबद्दल बोलायची. हा दूधवाला आणि ती टोळी यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे एकाच्याही डोक्यात येत नव्हतं.

वखारवाला काकूचा शेजारी. भिंतीला भिंत. माणूस वाईट नव्हता. काकूचा नवरा गेला तेव्हा लाकडं त्यानंच आणली होती. त्यानं आता फळ्यांमधून हातभर लांबीचे दांडके कापायला घेतले. बाजाराच्या दिवशी चौकात जमायचं, सकाळची सूचना झाली की खाली उतरायचं आणि टोळीचा एकदा काय तो निकाल लावायचा, असं ठरलं होतं. काकूनं त्याला गाठून सांगितलं, की अरे, काठावर टोळीबिळी काही नाही, माझी पोरगी आहे तिथं, तू जावईबापू म्हणून ज्याला चिडवतोस तो आहे. वखारवाल्यानं करवत खाली ठेवली. आजारी माणसाशी बोलावं तसा हळू बोलला.

"काकू, सकाळी तुम्हीच तर सांगितलंत."

"ते मी नव्हे रे."

"आवाज तर तुमचाच. आणि तवा तुमचा आवाज चांगला होता. आता तुम्हाला नीट बोलताही येत नाही. कुठल्या काकूचं ऐकायचं आम्ही?"

तो टोमणा नव्हता. त्याला खरोखरच विचारायचं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दाद मागायची कुणाकडं?

दुपारी लेक मागच्या दारानं आली. तिच्या केसांना डांबराचा वास येत होता आणि ती बसत नव्हती, उभ्या उभ्याच पाणी पीत होती. खालचा नळ तोडला होता. बाजाराच्या दिवसाचं तिलाही कळलं होतं. आई म्हणाली, तू इथंच राहा, नवऱ्यालाही बोलाव. लेक म्हणाली, दाईआजीला कोण उचलून आणणार? ती जागची हलत नाही. मग तिनं तांब्या खाली ठेवला.

"आई, लहानपणापासून तुझा आवाज आला की मला वाटतं, जेवायला हाक मारतेयस. काल तो आवाज टोळी म्हणाला आणि मी वळून मागं बघितलं. माझ्या मागं कोण उभंय म्हणून."

"मग?"

"कुणी नव्हतं. म्हणजे मीच." लेक हसली, पण ते हसू काही चेहऱ्यावर टिकलं नाही. "तो शब्द काढून घे ना परत. तुझा आहे तर."

दुसऱ्या दिवशी काकू कचेरीत गेली. जिने चढताना तिला तीनदा टेकावं लागलं. गोधड्या लावलेली खोली तशीच होती, तारवाल्याचे केस तेवढे गेले होते. त्यानं स्टूल पुसून दिलं, बडीशेप दिली, आणि तिनं विचारायच्या आधीच सांगून टाकलं, की वरच्या मजल्यावर एक साहेब बसतो, तो वाक्यं जुळवतो. पोरगा सालस आहे. त्यानं आधी आंदोलक शोधलं, पेटीत नव्हतं. काठकरी तर नव्हतंच. लोक लावून पाहिले, कुणी ऐकेना, गाड्या काठाच्या रस्त्यानंच जात राहिल्या. मग पेटीत हात घालून जे जड लागलं ते त्यानं काढलं.

"पण टोळी मी कधी बोलले?"

तारवाल्यानं एक बटण दाबलं. कुत्र्यांची, असं आडवं आलं, आणि मग, टोळी.

तिला आठवलं. एका उन्हाळ्यात पिसाळलेली कुत्री गावात शिरली होती, झुंडीनं फिरायची. तेव्हा तो शब्द भरला होता. धोक्याचा म्हणून उभा. त्या वेळी लेक पाळण्यात होती आणि घराचं दार नीट लागत नव्हतं. ती सगळी भीती त्या दोन अक्षरांत अजून ताजी होती. दात लागल्याचे व्रण दिसावेत इतकी. साहेबानं त्याच्या आधीचा शब्द काढून टाकला होता, एवढंच.

मला लोक उभं बोलू द्या, ती म्हणाली. काठकरी बोलू द्या, उभं. तारवाल्यानं नाही म्हटलं नाही. माइक पुढं सरकवला. ती कणभर थांबली, पाय रोवले आणि बोलली. मग त्यानं तो शब्द जुन्या शब्दांत बसवून ऐकवला. नदीकाठावर, म्हणाली तरुण बाई. काठकरी, म्हणाली दुसरीच कुणी तरी, घोगऱ्या आवाजाची, मध्येच तोंड घालणारी म्हातारी. जमले आहेत, म्हणाली तरुण बाई, तिकडं लक्षही न देता.

"बसत नाही," तारवाला म्हणाला. "बघा ना, ती कुठं श्वासच घेत नाही. तुम्ही घेता."

काकूनं हेडफोन काढला नाही. तिनं त्याला जुनेच शब्द पुन्हा वाजवायला सांगितले, एकामागून एक, काहीही. आणि डोळे मिटून ती ते ऐकत बसली. शब्द नव्हे, शब्दांमधली फट. आत कुणी तरी दम धरून बसलं होतं आणि किती तरी वर्षं त्यानं तो सोडलाच नव्हता. केव्हा तरी तिच्या लक्षात आलं, की आपणही दम धरून बसलोय आणि तारवाला आपला दंड हलवतोय.

बाजाराच्या दिवशी धुकं होतंच. काकू चौकात गेली तेव्हा खांबाखाली माणसं जमली होती. हातात दांडके होते आणि जत्रेला निघाल्यासारखी चेष्टा चालली होती. न्हाव्याला कुणी तरी म्हणालं, तू वस्तरा घे, टोळीची दाढी कर. न्हावी म्हणाला, चेहराच नाही तर दाढी कुठं करू? हसले सगळे. हसता हसता धुक्याकडं बघत होते. काकू त्यांच्यातून वाट काढत खांबाला पाठ लावून उभी राहिली. कुणी अडवलं नाही. म्हाताऱ्या बाईला कोण अडवतंय?

भोंगा खरखरला. सूचना नेहमी दोनदा व्हायची. पहिल्या खेपेला ती नुसती ओठ मिटून उभी राहिली आणि फटी मोजल्यासारख्या आतल्या आत धरत गेली. दुसऱ्या खेपेला तिनं तोंड उघडलं.

"नदीकाठावर," म्हणाला भोंगा.

"माझी लेक," काकू म्हणाली. फटीत बरोबर मावेल एवढंच.

"टोळी."

"तिच्या नवऱ्यानं तुझी होडी डांबरली."

"जमली आहे."

"तुझ्या घरी दूध घालतो तो."

"टोळीपासून."

"तुझ्या बायकोला सोडवणारी दाई, न्हाव्या."

शब्द वरून येत होता आणि खालून येत होता. घसे दोन, आवाज एक. वरची श्वास घेत नव्हती, आणि तिच्या प्रत्येक फटीत खालचीचा श्वास वाजत होता, लोहाराच्या भात्यासारखा. ऐकणाऱ्यांना आता वाटायला लागलं होतं, की वरचीच कुणी तरी खाली उतरून म्हातारी होऊन आपल्यात उभी आहे. किंवा खालचीला मारून केव्हाच वर टांगली आहे. न्हावी दोन पावलं मागं सरला.

"सावध राहावे," म्हणाला भोंगा. आणि काकूही तेच म्हणाली, त्याच क्षणी, त्याच पट्टीत, घशात खरखर नाही की कफ नाही. तिला ते म्हणायचं नव्हतं. ते तिच्या तोंडून आपसूक आलं, आणि ती स्वतःच दचकून वर बघायला लागली.

मग भोंगा बंद झाला.

माणसं एकेक करून निघाली. काठाकडं नव्हे, आपापल्या घराकडं. पुढं कुणी विचारलं तर ती माणसं सांगायची, की काठावरची माणसं चूक का बरोबर हे आम्हाला काय माहीत, पण अंगावर काटा आला बुवा, पाय पुढं पडेचना. दांडके तिथंच राहिले. नंतर कुणी तरी जळणाला नेले. वखारवाला शेवटपर्यंत थांबला होता. त्यानं काकूला हाताला धरून घरी आणलं आणि दारात विचारलं, की हे बोलायला तुम्हाला कुणी सांगितलं. काकू म्हणाली, तिकडं वरचीला पगार देऊन बोलायला लावलं होतं, मी फुकट बोलले. तो हसला नाही. तिच्या तोंडाकडं बघत राहिला. त्यानंतर तो तिच्याशी बोलताना नेहमी असाच बघायचा, बोलणं तोंडातूनच येतंय ना याची खात्री करत असल्यासारखा.

टोळी परत कुणाला दिसली नाही. दुसऱ्याच दिवशी भोंग्यानं तो शब्द टाकून दिला.

धुकं सरल्यावर लेक न्हायला आली. खालचा नळ अजून तोडलेलाच होता. तिनं केसातलं डांबर तेल लावून, घासून घासून काढलं, दोन बादल्या पाणी संपवलं, आणि आईच्या जुन्या साडीत केस गुंडाळून चहा घेऊन बसली. जावई ठीक होता. दाईआजी चटईवरून हलत नव्हती आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडून तंबाखू मागत होती. घरं उभी होती. बाहेर ऊन पडलं होतं. वखारवाला त्याच्या दारात बसून न्हाव्याकडून दाढी करून घेत होता.

भोंगा खरखरला.

"नागरिकांनी लक्ष द्यावे. नदीकाठावरील अडथळे दूर करण्यात येतील. वाहतूक सुरळीत होईल."

काकू अभ्रा घडी करत होती. तिची घडी मोडली नाही. घडी पूर्ण होऊन ढिगावर गेली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आपण ऐकलंच नाही. आवाज आपला आहे हेही कळलं नाही. पाऊस पडला, झाड पडलं, की रस्त्यावर येतो तो अडथळा. तिनंच केव्हा तरी भरलेला. आडवा. दारातल्या न्हाव्याचा वस्तरा थांबला नव्हता. वखारवाल्यानं मान वर केली नव्हती. रस्त्यावरचं कुत्रं झोपलं होतं ते तसंच झोपलं होतं.

लेकीनं तेवढं ऐकलं होतं. कप खाली ठेवून ती म्हणाली, निदान या शब्दाला दात तरी नाहीत.

"नाहीत ना," काकू म्हणाली. "कुणी उठणारही नाही."

लेक बराच वेळ खांबाकडं बघत राहिली. ऊन असूनही तिनं पदर अंगाभोवती ओढून घेतला. मग म्हणाली, की संध्याकाळच्या आत खाली जायला पाहिजे, चटया टाकायच्या आहेत. आई म्हणाली, आजीला तंबाखू घेऊन जा, आणि सांग की मी येते उद्या, बसायला. तू येऊन काय करणार, असं लेकीनं विचारलं नाही. केस नीट वाळव, सर्दी होईल, एवढं सांगून काकू उठली. लेकीच्या न्हाण्यानं मोरी तुंबली होती, पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं. काकूनं साडी वर खोचली, खाली बसली, तारेचं टोक वाकवून मोरीच्या भोकात घातलं आणि हळूहळू फिरवायला लागली. आत काही तरी अडकलं. तिनं ओढलं, तसा डांबरट केसांचा गुंता वर यायला लागला.